सोळा बसतात, वीस नाही

हॅलो? … हां वहिनी, बोल. … नाही, झाला नाही अजून. थांब, हाताला सगळा गोंद लागलाय, स्पीकरवर टाकते.

हं. आता बोल. … नाही गं, चहा छानच आहे, चहाला कोण काय म्हणतंय? सगळ्या खोलीत पुदिन्याचा वास सुटलाय. बॉक्स बंद होत नाहीये.

बंद होत नाही म्हणजे बंद होत नाही, वहिनी. याहून सोपं कसं सांगू? चहाच्या पिशव्यांच्या दहा-दहाच्या दोन ओळी बसायला हव्यात ना? आठ-आठ बसतात. सोळा. पुढच्या चार कोंबल्या की बॉक्सचं पोट फुगतं आणि झाकण आपोआप वर येतं.

… दाबून बघितलं. … हो, हळूच दाबून बघितलं. … जोरातही बघितलं, तेव्हा कोपरा फाटला. हा आठवा नमुना आहे माझा. आठवा. पहिले तीन तुझ्या हिरव्या रंगात गेले, आठवतंय ना? पानासारखा हिरवा हवा म्हणालीस. कुठल्या पानासारखा विचारलं, तर म्हणे वाळलेल्या, पण ताजा दिसला पाहिजे. तेही केलं मी. मग तुला पुढे खिडकी हवी झाली, आतलं दिसायला. मग खिडकी नको झाली, कारण आतल्या पिशव्या वाकड्या दिसतात. मी एका शब्दाने बोलले का?

… बरं, बोलले असेन. पण केलं ना?

नाही, रबर लावून चालणार नाही. … अगं, त्या बाई त्यांच्या बारा दुकानांसाठी माल निवडायला येतायत, चार वाजता, तुझ्या घरी, पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटच्यांदा. त्यांच्यापुढे तीन बॉक्स रबर लावून ठेवणार तू? त्या पहिल्यांदा बॉक्सच हातात घेणार. वास नंतर, चव नंतर. आधी झाकण उघडणार आणि लावून बघणार. सगळे तेच करतात. झाकण नीट लागलं नाही की गेलं सगळं.

… अठरा घालू? आणि वर छापलंय वीस, त्याचं काय करू? … नाही, पेन चालणार नाही. वहिनी, ऐक ना. अगं ऐक तर. चूक बॉक्सची नाहीये. तू गेल्या महिन्यात मला नमुन्याच्या वीस पिशव्या पाठवल्या होत्यास, त्यावर मी माप घेतलं. त्या वीस आत्ताही माझ्यासमोर आहेत. याच बॉक्समध्ये त्या ऐटीत बसतात, वर बोट जाईल एवढी जागा उरते. आणि काल तू ज्या साठ पाठवल्यास, त्या बसत नाहीत. आता मला सांग, महिन्याभरात माझा बॉक्स आकसला का?

… दमट हवेने पिशव्या फुगत नाहीत. … नाही फुगत. मी वजन केलंय. हो, केलं. माझ्याकडे छोटा काटा आहे. जुनी पिशवी दोन ग्रॅम. नवी दोन पॉइंट सहा. दुसरी, दोन पॉइंट सात. एक तर पार तीनला टेकलीय. तू दोन ग्रॅमच्या चमच्याने भरतेस ना? मग हे वरचं कुठून आलं?

… 'हात जरा सढळ पडला' म्हणजे काय? साठच्या साठ पिशव्यांवर? … तुझा हात आणि सढळ? वहिनी, तू साखरसुद्धा चमचा सपाट करून घालतेस. दादा वीस वर्षं त्यावरून कुरकुरतोय.

… मग कोणी भरल्या? … कोणी नाही म्हणजे? भुतांनी? … विषय बदलू नकोस. दादा साडेतीनला न्यायला येणार आहे, आत्ता पावणेएक वाजलाय, आणि मी इथे उपाशीपोटी कटर घेऊन बसलीये. निदान खरं तरी सांग. बाई ठेवलीस का कामाला? ठेवली असशील तर तसं सांग, मी काही खाणार नाहीये तुला. तिला चमचा नीट दाखव, आज एक वीस-पंचवीस पिशव्या पुन्हा भरून…

… का नाही?

… का नाही, वहिनी?

थांब. एक मिनिट. बोलू नकोस.

या दोऱ्याला दोन गाठी आहेत. … अगं, पिशवीच्या दोऱ्याला. जुन्यांना एकच आहे, तुझी. या सगळ्यांना दोन-दोन, आणि दुसरी गाठ उलटी मारलेली. ही पार्सलची गाठ आहे.

वहिनी. या पिशव्या बाबांनी भरल्यात?

… केव्हापासून? … तीन आठवडे? आणि मला आज कळतंय?

… हो, मीच म्हणाले होते. मान्य आहे. ते पडले तेव्हा मीच सांगितलं होतं की बाबांना आता काही करू देऊ नका, हात थरथरतो, बसून राहू दे. … हो, अगदी त्याच सुरात म्हणाले असेन. मला भीती वाटत होती गं. … म्हणून लपवलंस? माझ्याच बापाचं माझ्यापासून?

… बरं. … बरं, सांग.

… रोज दाढी करतात? … स्वतःहून? … नऊच्या ठोक्याला टेबलावर. … चष्मा पुसून. … हं. … हं. नाही, ऐकतेय मी.

अगं, पण चाळीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसलेला माणूस तो. पाच ग्रॅम जास्त झालं तर लोकांना परत पाठवायचे. एकदा मला पाठवलं होतं, स्वतःच्या मुलीला, रांगेतून. आणि आता चिमटीने वर घालतात? … काय म्हणाले? … 'आयुष्यभर लोकांना जास्तीचं काढायलाच लावलं.' … असं म्हणाले?

… मग तू सांगितलंस का त्यांना, कमी घाला म्हणून? … आणि? … ताट सरकवलं. … दोन दिवस खोलीतून बाहेरच नाही. … मग तू काय म्हणालीस? … 'तुमच्या हाताचं माप तेच आमचं माप.' वहिनी, धन्य आहेस तू. आणि हे माप बॉक्सला कोण सांगणार होतं?

… नाही, रडत नाहीये. वैतागलेय. … मला वैतागू दे, मला हक्क आहे त्याचा. तीन आठवड्यांपूर्वी एक फोन केला असतास तर हे आठ नमुने… जाऊ दे.

जाऊ दे, आता ऐक. पिशव्या पुन्हा भरायच्या नाहीत. … नाही, मुळीच नाही. त्यांना काही बोलू नकोस. मी बॉक्स वाढवते. पंधरा मिलिमीटर लांबीला. … होईल. तीन व्हायला हवेत, साडेतीनपर्यंत होतील. चित्र जरा सरकेल, पान मध्यावर येणार नाही, येऊ दे बाजूला. वर छापलेल्या चाळीस ग्रॅमवर कागदाची पट्टी लावून पन्नास करते. पन्नासच्या वरच आहे, कोणाला कमी पडणार नाही. आणि त्या बाईंनी विचारलं तर सांग, आमचं माप असंच असतं. मान वर करून सांग.

… कोण? … टेबलाशीच आहेत? सगळं ऐकलं का त्यांनी? … बरं, दे. दे ना, बोलते मी.

बाबा? … हो, मीच. … जेवेन, हातातलं झालं की. तुम्ही जेवलात? … हो, मिळाल्या, कालच मिळाल्या. साठच्या साठ. … मोजल्या, बाबा. … गाठी एकदम पक्क्या आहेत, एकही सुटलेली नाही.

… बॉक्समध्ये?

… बसतात की. मस्त बसतात. हे काय, माझ्यासमोरच आहे. … हो, वीसच्या वीस. झाकणसुद्धा लागतं. … नाही हो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून कशाला सांगेन? आरामात बसतात, उलट थोडी जागाच उरते वर.

… नाही, फार नाही उरत. … अगदी थोडी. … नाही बाबा, रिकामं नाही दिसत. गिऱ्हाईक असं काही म्हणणार नाही. … नको. ऐका ना. आणखी एक चिमूट नको. … अर्धीसुद्धा नको, बाबा, आहे तेच माप… बाबा, वहिनीला द्या फोन. … अहो, आत्ताच्या आत्ता भरायला नका घेऊ. आधी वहिनीला द्या…

हॅलो? … बाबा?