आम्ही तिघी आणि उलटा गरबा

नाही काका, बसणार नाही मी, उभ्यानेच बोलते — तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असाल, पण ‘मोहना, अवनी, उत्कर्षा यांना आज गरब्यात बंदी’ असं फळ्यावर लिहायच्या आधी आम्हाला एकदा विचारायचं तरी! चूक आमची? अजिबात नाही. चूक त्या वासणा रोडवरच्या क्लासची. बडोद्यात जन्मलेल्या मुलींनी गरब्याच्या क्लासला जायचंच कशाला, असंच म्हणताय ना — आईसुद्धा तेच म्हणते, कपाळाला हात लावून म्हणते. पण यंदा शाळेतल्या सगळ्याजणी ती नवी दोढिया स्टेप करणार, आणि आम्ही आपल्या तीन टाळ्या वाजवत फिरायचं? अगदी आजीबाई दिसतो! म्हणून गेलो. तिथे विहंगसर आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे, ‘हूं करूं एम करो’ म्हणायचे. ते करतील तसं आम्ही केलं. ते खिडकीकडे सरकले की आम्हीही खिडकीकडे. त्यांची ती उजवी बाजू, आमची डावी — हे कुणी सांगायचं? सरांनी! बाकीच्या मुलींना सगळं येतच होतं, त्या नुसत्या नव्या चनियाचोळ्या दाखवायला यायच्या.

मग काल दुसरं काय होणार? अख्खा गोल निघाला उजवीकडे आणि आम्ही तिघी हातात हात घालून डावीकडे. समोरून तुमच्या निरुपमाकाकू आल्या — दिसल्या हो, पण स्टेप मोडायची नाही असं सरांनी बजावलेलं — आणि काकू मागच्या मागे मधल्या गाणाऱ्यांच्या हार्मोनियमवर जाऊन बसल्या. हार्मोनियम बोललं, काकू अजून बोलत नाहीत. हसू नका. हसताय तुम्ही! केबलवाल्याने सकाळी दोनदा दाखवलं ते, सगळ्या कारेलीबागेने चहाबरोबर बघितलं. उत्कर्षा तर म्हणते, बंदी आली तेच बरं, सुटलो एकदाच्या. अवनीने चोळी धाकट्या बहिणीला देऊन टाकली — म्हणजे — हे सांगायचं नव्हतं मला. तिघींनी पाठवलंय असं सांगायचं होतं. कुणी नाही पाठवलं, काका. क्लास माझ्या डोक्यातून निघाला ना, त्या दोघी माझ्याशी बोलतच नाहीयेत. आज आम्हाला घेतलंत तर निदान हात तरी धरतील. नाहीतर दसऱ्यानंतर शाळेत बाकावर मधे दप्तर ठेवून बसणार — उत्कर्षाला ओळखत नाही तुम्ही.

काय? खाली बघू? कशाला — अय्या, त्याच दोघी! मी वर आलेय हे कुणी सांगितलं यांना? तुमच्या स्कूटरभोवती फिरतायत, काका, आणि बघा, उजवीकडे — चक्क उजवीकडे! नाही, अवनी चुकली. अगं ए, उजवा पाय, उजवा! एक काम धड होत नाही यांना मी नसले की. काका, परवानगीचं तुम्ही काकूंना विचारून सावकाश ठरवा — आता सरका बघू दारातून.