कपाटातली ताटं

सांगायचं नव्हतं मॅडम, सरनं सकाळीच बजावलं होतं, पण तुमी विचारलं न् माझ्या तोंडातून निघून गेलं — नाई, आमाले आणाले ऑटो नाई येत. नाल्यावरचा पूल वाहून गेला तवापासून नाई येत. आमी पैदलच येतो, जंगलातून. लिहू नोका ना ते. बसा पायजे तर, पण पेन ठेवा.

तुमी आता फोटो काढला ना, कपाटातल्या ताटांचा? किती चकचकीत ठेवली म्हणाल्या — ती शाळेची नाईत मॅडम. आमची आहेत, घरची. खिचडीसाठी आणतो न् — हसू नोका — वाजवाले. आमच्या गावची शाळा पोरं कमी म्हणून बंद केली, म्हणून इथी यावं लागते. लहान पोरं मधात, मी सगळ्यायच्या मागं, न् सगळे चमच्यानं ताट बडवत चालतो. म्हणजे त्याले दुरूनच समजते का माणसं येऊन राह्यले, न् ते सरकते. त्याले म्हणजे — नाव नाई घेत आमी त्याचं, जंगलातून जाणाऱ्यानं घेऊ नाई म्हणतात. मोठं जनावर. पट्टेवालं. समजलं ना?

आज सकाळी नाल्याच्या रेतीत पंजे होते. ओले. पाणी भरूनच राह्यलं होतं त्यात — म्हणजे आत्ताच गेलं होतं. सोमारीनं, माझ्या लहान बहिणीनं, त्यात आपला पाय ठेवून पाह्यला न् म्हणते, "ताई, माझा पाय पुरा मावते." मी तिचा हात असा ओढला का रडलीच ती. मंग आमी इतके बडवत आलो का ठमाबाई, खिचडी बनवतात त्या, फाटकातून ओरडल्या, "कोणाची वरात आणली गे, पोट्टेहो?" सगळे हसले. मीही हसली. मंग पाह्यलं, फाटकाच्या आत आल्यावरही मी एकटी ताट बडवूनच राह्यली होती.

सरले? नाई सांगितलं. सर वाईट नाईत मॅडम, असं नोका समजू. पूल गेला तवा त्यायनंच लहान पोरायले खांद्यावर बसवून नाला पार करून दिला. पण जंगलाचं बाहेर समजलं न् आणखी पोरं कमी झाली तर हीही शाळा बंद होईन म्हणतात. म्हणून तुमी तपासणीले येणार समजल्यावर खिचडी होताच सगळ्यायची ताटं घासून शाळेची म्हणून कपाटात लावली, तुमचा फोटो झाला न् वरून कुलूप. आज हात लावायचा नाई. न् किल्ली सरच्या खिशात, न् सर तुमच्याच गाडीत पोंभुर्ण्याले चालले, मीटिंगले — खरं ना? मंग सुट्टी झाल्यावर आमी काय वाजवावं?

टाळ्या? टाळ्यायनं पोरं थकतात, गाणं म्हणता म्हणता बंद पडते. सोमारीले चिंच दिसली का ती थांबते. न् मागं मी. ते मागूनच येते म्हणतात, मान पाहते. मी वळून नाई पाहत — मी पाह्यलं का लहानायले समजन.

नाई नाई, घरी नाई सांगत. बाबा तर म्हणूनच राह्यले, आठवी पुष्कळ झाली पोरीले. पंजे समजले का उद्यापासून चुलीपाशी. मले नववीत जायचं आहे मॅडम. मले... जाऊ द्या, तेही नोका लिहू.

तुमची गाडी? ती नाल्यापर्यंतच जाईन, जंगल तर पलीकडं आहे. न् उद्या? तुमी फक्त एक करा, माझं नाव नोका घेऊ. सरले म्हणा का आणखी एक फोटो पायजे, ताटं पोरायच्या हातात पायजेत. एकदा हातात आली का आमी काऊन परत देतो, सोडतच नाई! निघाच्या आधीच म्हणा, कपाट उघडाले लावा न् मंग —

आली सर! नाई सर, काई नाई. ऑटोचंच सांगून राह्यली मॅडमले. रोज येते म्हणून.