लेन्समधला बैल

तुम्ही हसाल, पण माझा त्या दिवशी जीवच गेला होता. पिहूच्या पप्पांनी आमच्या शनवारा भागातल्या एका जुन्या स्टुडिओतून हातभर लांब लेन्स आणली अन् आपल्या नव्या कॅमेऱ्याला लावली. तिचा फोकस आपोआप होत नाही, हातानं रिंग फिरवावी लागते. तापीवर गेलो तेव्हा मला म्हणाले, "तू बघ फिरवून." पिहू लांब वाळूत तिच्या आत्याजवळ खेळत होती. मी रिंग फिरवत गेले, पोरगी साफ दिसली, अन् तिच्या पाठीला चिकटून हा मोठा बैल. शिंगं थेट तिच्या वेणीशी.

मी कॅमेरा यांच्या हातात कोंबला अन् चपला सोडून पळाले. जाऊन पाहते तर बैल पार तिकडे, केळीच्या बागेजवळ चरतोय. नणंद म्हणाली, "वहिनी, काय झालं?" मी पिहूला कडेवर घेतलं अन् भराभर परत आले.

हे पोट धरून हसत होते. "अगं, या लेन्समधून लांबलांबचं सगळं एकमेकांना चिकटलेलं दिसतं. पहले पूछ तो लेती."

मी परत येतानाचा फोटोही काढला होता यांनी, अन् कौतुकानं माझ्या माहेरी, डोईफोडियाला, आईला पाठवला. पाच मिनिटांत आईचा फोन. "बैल माझ्या लेकीच्या अन् नातीच्या अंगावर आला, अन् जावईबापू फोटो काढत उभे होते?"

मी म्हटलं, "हो ना आई. तूच विचार त्यांना." अन् फोन यांच्या हातात दिला.