दोन मिनिटांचा चहा

वर्तकनगरच्या दवाखान्यात श्रीपादरावांची दाढ उपटली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि डॉक्टरांनी अर्धा तास बोलायची बंदी घातली. तीस वर्षं अशा मुहूर्ताची वाट पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी हेमाताई लगेच शेजारी बसलेल्या, गाल सुजलेल्या मालू कोळणीकडे वळल्या.

"ह्यांनी घरी टीव्हीवर एक सिनेमा शोधून काढलाय. कुणी नावसुद्धा ऐकलेलं नाही."

"बरा हाय काय?"

"कसला बरा! हीरो दोन तास नुसता खिडकीतून बघतो. ह्यांनी चारदा पाहिला."

"मंग बगतान तरी काय त्यात?"

"हीरोची मावशी. दोन मिनिटं येते, चहा देते, जाते. ह्यांच्या कॉलेजच्या नाटकात होती म्हणे, डोंबिवलीची."

"दिसते बरी?"

"साडी चापूनचोपून नेसलीय. पण कप देताना अंगठा चहात बुडवते."

"यवढं बारीक दिसतं?"

"बांगड्यासुद्धा एका हातात सात, दुसऱ्यात सहा."

"वहिनी, तुमी किती येला बगितला?"

"अकरा."

श्रीपादरावांनी बोळ्याआडून "हूं हूं" केलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"तिचा चहा तुमच्यापरीस बरा असंल काय?"

"तेच तर विचारायचंय ह्यांना."

इतक्यात अर्धा तास भरला. डॉक्टर आले, बोळा काढला आणि म्हणाले, "आता बोला काका, हवं तेवढं."

"बोला," हेमाताई म्हणाल्या. "कुणाचा चहा बरा?"

श्रीपादरावांनी नर्सच्या ट्रेमधला नवा बोळा उचलला आणि आपल्याच हातानं तोंडात घट्ट बसवला.