मामांच्या गालावरचा वण

हसू नका गं, पण गरम इस्त्री पाह्यली की मी अजून दोन पावलं मागं सरते. मामा, म्हणजे माझे सासरे, ओरडले की गोठ्यातले बैल बिचकायचे. मी तर नवीन सून. त्यांच्या साठीच्या वाढदिवसाला मी त्यांचा फोटो ट्रान्सफर पेपरवर छापून आणला आन इस्त्री फिरवून पांढऱ्या टी-शर्टावर उतरवला. कागद सोलला तर काय! छापायच्या आधी फोटो उलटा करून घ्यायचा असतो, तेच मी विसरल्ते. मामांच्या उजव्या गालावरचा बैलाच्या शिंगाचा वण डाव्या गालावर गेल्ता.

नवरा पांढराफटक पडला. "आपल्या लग्नातला फोटोवाला आठवतो ना? 'हे तोंड माझं न्हाई' म्हणून बापानं अल्बम फेकला त्याच्या अंगावर."

तेवढ्यात मामाच दारात. "आण इकडं."

मी टी-शर्ट पाठीमागं लपवला, तर त्यांनीच तो ओढून घेतला. चित्रातल्या वणावर बोट ठेवलं, मंग स्वतःच्या गालावर. मी डोळेच मिटले.

"आत्ता बराबर आला," मामा म्हणाले. "रोज दाढी करताना आरशात असाच दिसतो मी. फोटोवालेच आजवर उलटं तोंड काढून राह्यलेत."