जयंतीचा वेगळा रकाना

सन्माननीय अध्यक्ष बबनराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, समोर बसलेले जिल्ह्यातले माझे कलावंत भाऊ-बहिणी, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आमची मोनाली, सर्वांना कमलाबाईचा सविनय जयभीम आणि नमस्कार.

मोनालीला निरोप देताना दोन गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. जन्मभर गाणं गायले, तेव्हा गोड बोलणं मला जड जाऊ नये. पण आज घसाच कडू झालाय, त्याला मी काय करू?

आपल्या मंडळानं जिल्ह्यातल्या कलावंतांची ऑनलाइन सूची करायचं ठरवलं आणि काम मोनालीकडे दिलं. ही पोर आर्वी, कारंजा, पवनार एसटीनं फिरली. घरोघरी जाऊन फोटो काढले, गाणी रेकॉर्ड केली. माझ्याकडे आली तेव्हा मी नवी साडी नेसून, पावडर लावून तयार. तर म्हणते, "मावशी, फोटो मागून काढू, आधी गाऊन दाखवा." आणि सूची कशी मांडली तिनं? गायक गायकांत, मूर्तिकार मूर्तिकारांत. आडनाव पाहून नाही, काम पाहून. इतकी साधी गोष्ट!

पवनारचा आमचा धम्मदीप मूर्तिकार आहे. एप्रिल जवळ आला की लोक त्याला शोधत येतात, बाबासाहेबांचा पुतळा हवा म्हणून. बाकी वर्षभर त्यानं काय करावं? भिंती रंगवतो. त्यात लाज कसली, पण मूर्तिकाराचे हात आहेत हो ते! सूची सुरू झाली आणि आर्वीच्या एका शाळेतून त्याला फोन आला, आमच्या बागेसाठी मोर कराल का? धावत माझ्याकडे आला. "आत्या, मोर! मले आजवर कोनी मोर मागतलाच नवता." सांगा, यावर हसावं की रडावं?

मग मंडळाची बैठक झाली. ठरलं काय, तर मी, धम्मदीप, आमच्या समाजाचे सगळे कलावंत गायक, मूर्तिकार या रकान्यांतून उचलायचे आणि 'जयंती कार्यक्रम' नावाच्या वेगळ्या रकान्यात ठेवायचे. काऊन? तर म्हणे, "तुमाले खास जागा देऊन राह्यलो." वा रे वा! बबनराव, खास जागा माझ्या बापानंही पाहिली होती. लग्नाच्या पंगतीत, गोठ्यापाशी. बाबासाहेबांची गाणी गाते याचा मला अभिमान आहे, मरेपर्यंत गाईन. पण मी गझल गाते, बारशाला पाळणा गाते, ते कोण गातं, माझी शेजारीण?

मोनालीनं तोंडावर सांगितलं, "हा बदल मी करणार नाही." तर तिला कामावरून मोकळं केलं, आणि वर हा निरोप समारंभ! उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून तो रकाना तयार होणार. मग मोर मागणारी पुढची शाळा 'मूर्तिकार' उघडेल आणि तिथं धम्मदीप नसेल. संताप होतो माझा! कशाचा सत्कार चाललाय हा?

समोर बसलेल्या गायकांना मी विचारते, मला जिच्यातून काढणार, त्या यादीत तुम्ही बसाल? खाली काय पाहता? जमिनीवर उत्तर लिहिलंय का?

कोण उठलं? सुरभी? पाहुण्यांसाठी सांगते, ही अध्यक्षांची सून, माझ्याकडे गाणं शिकली, सूचीत गायकांत आहे. बोल बेटा, घाबरू नको, हा माईक घे.

"मामाजी, बाई ज्या रकान्यात, मीबी त्यातच. माह्यं नाव जयंतीत टाका."

ऐकलंत? नाही नाही, टाळ्या थांबवा. अध्यक्ष महोदय, आता सूनबाईंना कुठं बसवता? तिला जयंतीत टाकता, की आम्हा सगळ्यांना गायकांत राहू देता? मोनाली अजून इथंच आहे आणि तिचा लॅपटॉप उघडा आहे.

मंडळानं बोलायला बोलावलं, आपण एवढं ऐकून घेतलं, मनापासून आभार. एखादा शब्द जास्त तिखट गेला असेल तर तेवढा पोटात घाला. माईक अध्यक्षांकडे देते. त्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय मात्र मी खाली बसणार नाही.