कलम चारची साक्षीदार

उठू नका, दोन्या आम्पारो — या बाकावरून उठलात की जागा गेलीच म्हणून समजा. आत समितीपुढे अजून गुरांच्या बाजाराचं विधेयक चाललं आहे. गुरांवर ही मंडळी सकाळभर बोलतात, माणसांची पाळी यायला दुपार कलते. दोन्या म्हणायचं ते तुम्हाला, वयाच्या मानानं; मला वकीलबाई कशाला म्हणता, बेर्ता म्हणा — बरं, राहू द्या, वकीलबाईच म्हणा, इथल्या पहारेकऱ्यांच्या कानांवर तेवढं पडलेलं बरं असतं. आता समोरून गेले ना, निळ्या टायवाले, ते समितीचे अध्यक्ष, सिनेटर प्रुइट. मला काय म्हणाले? दर अधिवेशनात म्हणतात तेच — तुमची माणसं मला फार प्रिय, मला लहानाचं मोठं केलं ते तुमच्यातल्याच एका बाईनं. तिचं नाव काय, असं मी एकदा विचारलं. आठवेना. तिच्या हातची गोड लापशी आठवते, नाव मात्र नाही. आणि त्यांच्यामागून गेला तो आपला रेनाल्दो — हो, आपल्याच नदीकाठचा, आता तोही सिनेटर. निवडणुकीत आजीच्या आठवणी सांगत दारोदार हिंडतो आणि इथे समितीत मत द्यायची वेळ आली की नेमकी तहान लागून बाहेर जातो. आमच्या लॅटिनो हक्क संस्थेच्या मेजवानीला हे सगळे येतात, गिटारवाल्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतात, आणि आठवड्याच्या आत इथे बसून आपल्याच माणसांविरुद्ध हात वर करतात. आणि मेजवानीत त्यांना खुर्ची ओढून कोण देतं? मी. कायद्याची एवढी पुस्तकं पालथी घातली, ती याकरता.

काय म्हणालात? विधेयक आहे ना, आहेच. कोंबड्या कापायच्या कारखान्यांत यंत्रांवरच्या सूचना स्पॅनिशमध्ये लावायच्या — तुमच्या बहिणीचा हात गेला तो इंग्रजी पाटीखाली उभी असतानाच, हे मी विसरेन का? ते आज मंजूर होणार, मतं जुळली आहेत. कशी जुळली? जुळवली. या लोकांकडे दयामाया नसते, देवाणघेवाण असते, तेव्हा मलाही काहीतरी द्यावं लागलं — म्हणजे कलम चार. हो, तेच — तक्रार करणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, ते. ते आता विधेयकात नाही. सकाळीच गेलं. प्रुइट म्हणाले, ते तेवढं वगळा, बाकीचं घेऊन जा. मी घेतलं. दुसरी कोणी असती तर तिला पाट्यासुद्धा मिळाल्या नसत्या.

तुम्ही कलम चारसाठीच एवढ्या लांबून आलात, ठाऊक आहे मला. बहिणीनं तक्रार केली, तिला काढलं; तुमची लेक अजून कारखान्यात त्याच सरकत्या पट्ट्यापाशी उभी आहे आणि भीतीनं तोंड उघडत नाही — सगळं ठाऊक आहे. तुमचं नाव पुकारतील, असं मी म्हटलं होतं खरं. पुकारतील म्हणजे वाचून दाखवतील. बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हे, नुसता पाठिंबा देणाऱ्यांच्या. मीच तसं सांगून ठेवलं आहे. तुम्ही आत जाऊन त्या कलमाबद्दल बोललात की प्रुइट म्हणणार, बेर्तानं शब्द फिरवला, आणि मग पाट्याही गेल्या, मतंही गेली. असं बघू नका. हे तुमच्या लेकीच्याच भल्याचं आहे — निदान यंत्रावर काय लिहिलं आहे ते तिला वाचता तरी येईल.

कुठे निघालात? दोन्या आम्पारो, तिथे नाही — तो कारकून इतकंच विचारेल, बोलायचं आहे की नाही. हो, यादीतलं नाव बदलता येतं. विधेयक पुकारेपर्यंत केव्हाही बदलता येतं, तो नियम मीच भांडून मिळवला. पण तुमचं स्पॅनिश आत कोणाला कळणार आहे? सरकारी दुभाषी आज आलेली नाही. ती नसली तर साक्षीदारानं स्वतःचं माणूस शेजारी बसवावं, असं आहे. आता या घटकेला, तुमचा शब्दन् शब्द त्या प्रुइटच्या तोंडावर इंग्रजीत सांगेल असं माणूस मी कुठून —

सोडा. मला कशाला आत ओढता? हात सोडा माझा, आम्पारो.